आर्डिसबाई आणि माझं अंड्याचं सॅलड

गेल्या मार्चमध्ये मी आमच्या चर्चच्या अकरा माणसांना एका जेवणात आडवं केलं. हत्यार होतं अंड्याचं सॅलड.

मिनेसोटात हिवाळ्यात फ्रिज भरला की उरलेलं गॅरेजमध्ये ठेवायचं, ही आमची पिढीजात रीत. बाहेर एवढं बर्फ असताना दुसरा फ्रिज घेतो कोण? त्या दिवशी मात्र सकाळपासून गॅरेजच्या दारावर ऊन होतं, आणि आत माझं सॅलड चार तास कोमट होत बसलं. तेच मी एका अंत्यविधीनंतरच्या जेवणाला नेलं. माझं पोट दोन दिवस गुरगुरून गप्प झालं. त्र्याऐंशी वर्षांची ओपल आठ दिवस सलाईनवर होती.

ओपल ही आर्डिसबाईंची थोरली बहीण. आणि चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर आर्डिसबाईंच्या ताब्यात! तेव्हापासून त्यांच्या ॲप्रनच्या खिशात थर्मामीटर असतो आणि डोळ्यांत मी.

वर्षभर माझ्या पातेल्याला तिथे बंदी होती. परवाच्या रविवारी मी धीर करून कोंबडीचं सूप नेलं, टॉवेलात गुंडाळून, बाळासारखं. आर्डिसबाईंनी झाकण काढून थर्मामीटरची सळई खुपसली.

"एकशे दहा फॅरनहाइट. एकशे चाळीसच्या वर हवं. कधी उकळलंस?"

"सकाळी सातला. अहो, हात लावून बघा, गरम आहे की!"

"जंतूंनाही असंच गरम आवडतं. साडेबारा वाजलेत, वेंडेल."

"मग परत उकळतो."

"जंतू मरतील, त्यांचं विष राहील. तुला काय, तुझ्या पोटात खिळे टाकले तरी पचतील! तिकडे बघ. ऑर्गन वाजवते ती पोर सातव्या महिन्यात आहे. तिच्याशेजारच्या म्हाताऱ्याची मूत्रपिंडं गेलीत. ती दोन वर्षांची जुळी बघ. हे खाणार, आणि तू नंतर फुलं घेऊन येणार!"

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून ओपल म्हणाली, "वास मात्र झकास येतोय हं, वेंडेल."

"त्या सॅलडचाही झकासच होता," आर्डिसबाई कडाडल्या, आणि अख्खं पातेलं मोरीत उपडं केलं. सगळं तळघर बघत होतं. धुऊन पुसलेलं पातेलं त्यांनी माझ्या छातीवर आदळलं.

मी चाचरत विचारलं, "मग पुढच्या रविवारी आणू तरी काय?"

"कागदी प्लेट्स."