पिवळ्या काचेतले ढग

जिंतूरच्या आमच्या स्टुडिओत लोक हौसेनं फोटो काढायचे आणि न्यायला विसरायचे. कपाटात न नेलेल्या फोटोंची चळत वाढत गेली आणि त्यांच्याबरोबर एकेक किस्साही मागं राहत गेला. फोटो पुढं कुणी कुणी नेले. किस्से मात्र माझ्याच गळ्यात पडले, म्हणून जो भेटेल त्याला ऐकवत सुटतो!

•

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतरची ती वर्षं. स्टुडिओ पंतांचा, ब्रशनं फोटो सुधारायचं रिटचिंग माझं. वीज नव्हती, म्हणून फोटो मागच्या अंगणात उघड्यावर काढायचे. पण फोटोत आभाळ यायचं पांढरंफटक, ढग पुसल्यासारखे. मग पंतांनी हैदराबादहून लेन्सवर लावायची पिवळी काच आणली. तिच्यातून काढलेला पहिला फोटो धुतला आणि पंत डार्करूममधून ओरडतच बाहेर आले, "ढग आले! ढग आले!"

बाहेर लख्ख ऊन. तरी शेजारच्या काकूंनी धावत जाऊन पापडाचं वाळवण गोळा केलं!

•

तहसिलीतले एक कारकून आई आणि बायकोसोबतचा फोटो न्यायला आले. दोघीही बरोबर. आईंना ढगात गणपती दिसला.

"उंट हाय तो," सूनबाई म्हणाल्या.

"सोंड दिसंना का तुला?"

"मान हाय ती!"

दुकानातच जुंपली. शेवटी पंतांनी कारकुनांना विचारलं, "तुमाला काय दिसायलंय?"

कारकून दस्तीनं घाम पुसत म्हणाले, "मला तं दोघींच्या मधी अडकलेला मीच दिसायलोय!"

•

कापसाचे एक आडते होते. कोणताही फोटो दाखवा, त्यांना ढगात कापूसच दिसायचा. एकदा काळाकुट्ट ढग बघून ते चुकचुकले, "एवढा माल, अन् सगळा भिजलेला!"

•

बोरीच्या गुरुजींनी वर्गाचा फोटो काढून घेतला. पोरांच्या डोक्यावर ढग, आणि त्या ढगात हुबेहूब भारताचा नकाशा! गुरुजी आनंदानं नाचायचेच बाकी राहिले. आठवड्यानं पुन्हा हजर. "पोरं इचारायलीत, लंका कुठाय? तेवढी घालून द्या!" मी ब्रशनं खाली एक ठिपका दिला.

पुढं शाळेत तपासणीला साहेब आले. भिंतीवरच्या फ्रेममधला नकाशा बघून खूश झाले. म्हणाले, "वा! अन् वर्गाचा फोटो कुठंय?"

"पोरं कापली, साहेब," गुरुजी म्हणाले. "फ्रेममधी मावंनात!"

•

एका फोटोत तर ढगाच्या कडेला फणा काढलेला नाग निघाला. ही गर्दी! लोक चपला काढून आत यायला लागले. कुणीतरी नारळही ठेवला. मी निगेटिव्ह भिंगाखाली धरली, तर फण्यावर बोटाच्या रेषा! ओली असताना तिला पंतांचा अंगठा लागला होता!

पंतांनी शांतपणे गर्दी पांगू दिली, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "खा. माझ्याच अंगठ्याला वाहिलाय."

•

आणि हा किस्सा सटवाजीबाबांचा. बाबा मेंढरं राखायचे. त्यांची कारभारीण वारली त्याला वर्ष होत आलं होतं. तिचा एकही फोटो नव्हता.

बाबा पंतांना म्हणाले, "मालक, तुमच्या ढगात लोकांला देव दिसायलेत म्हणं. माझी म्हातारी दिसंल का? तिचं तोंड आता ध्यानातून सुटायलंय. लय भ्या वाटायलंय."

पंतांनी कपाटातली ती अख्खी चळत बाबांपुढं ठेवली.

मग दर बाजाराला बाबा यायचे, भिंतीला टेकून बसायचे आणि एकेक फोटो उजेडात धरून बघायचे. आम्हीही येडे झालो होतो. जरा बरा ढग दिसला की कॅमेरा घेऊन अंगणात पळायचो! संध्याकाळी बाबा मान हलवून निघून जायचे.

आणि एका बाजारी बाबा ओरडले, "गावली! मालक, गावली!"

आम्ही धावलो. पंतांना त्यात बसलेली म्हैस दिसली. मला तर तेवढंही दिसलं नाही. बाबांचं बोट मात्र ढगावरून फिरत होतं. "हे नाक. हे असं बारीक डोळ्यानं बघणं. हीच! हिला आता देवघरात ठिवतो."

तेवढ्यात त्यांचा मुलगा आत आला. फोटो बघून तो भडकलाच. "बाबा, ढगाला हार घालायचा का आता? गाव हसंल आपल्याला! माझ्या घरात हे न्हाई यायचं." त्यानं फोटो हातातून घेतला आणि टेबलावर टाकला. बाबा परत भिंतीला टेकून बसले. मला त्या मुलाचा असा राग आला! पण बोलणार काय? दिसत तर मलाही काही नव्हतं.

इतक्यात बाबांची सून बाजारातून आली. डोक्यावर पदर नाही, हातात गोडीशेवेचा पुडा, तोंड चालूच. आत काय झालं याची तिला गंधवार्ता नव्हती आणि कुणी काही सांगितलंही नाही. नवऱ्याला हाक मारायला ती टेबलाशी आली आणि तिची नजर फोटोतल्या ढगावर गेली.

तिनं पुडा झटकन पाठीमागं लपवला, पदर डोक्यावर ओढला आणि घाईघाईनं घास गिळत म्हणाली, "आलेच, आत्याबाई! निघालेच बघा घरी!"