दिवेलागणीला मेन स्विच

आमच्या बाथरूममधला दिवा ओढल्याशिवाय लागत नसे. परदेशात, पाया लेबार भागातल्या त्या जुन्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्विच छताला होता आणि त्यातून एक दोरी लोंबत असे. एकदा ओढली की दिवा लागायचा, पुन्हा ओढली की जायचा. माझ्या सासूबाई सांगलीहून राहायला आल्या आणि त्यांना वाटलं, ही फ्लशची साखळी! पाणी येईना म्हणून त्या जीव खाऊन ओढायच्या. (आतून "अगंबाई, पुन्हा अंधार!" असं ऐकू यायचं.) पंधरवड्यात स्विच खिळखिळा झाला आणि एका शनिवारी दुपारी दोरी माझ्या हातातच आली.

शनिवार तरी कोणता? संध्याकाळी साडेसातला आमच्या कंपनीचे सुपरिंटेंडंट मिस्टर ओंग जेवायला येणार होते! मी जहाजावर सेकंड इंजिनियर, वर्षातले नऊ महिने दर्यावर. किनाऱ्यावरच्या ऑफिसात एक जागा रिकामी झाली होती आणि ती कुणाला द्यायची हे ओंगसाहेब ठरवणार होते. मला ती हवीच होती. मागच्या खेपेला घरी परतलो तेव्हा माझ्या तीन वर्षांच्या लेकीने दार उघडून इथल्या लोकांच्या ढंगात "अंकल, सिट लाह" म्हटलं होतं. ते माझ्या फार जिव्हारी लागलं होतं.

"इलेक्ट्रिशियनला बोलावू या," माझी बायको मेधा म्हणाली.

"घरात इंजिनियर असताना?" मी गरजलो.

(खरं सांगायचं तर जहाजावर विजेचं काम करायला वेगळा माणूस असतो. त्याला आम्ही बत्तीसाब म्हणतो. माझ्या केबिनचा बल्बसुद्धा तोच बदलायचा!)

साडेपाचला नवा स्विच घेऊन मी स्टुलावर चढलो. "आई, मेन बंद करा!"

"वाढवलं हो, जावईबापू!"

मी स्टुलावरून उडीच मारली. "वाढवलं? कशाला वाढवलं?"

"अहो, आई 'बंद केलं', 'विझवलं' असलं अभद्र बोलत नाही," मेधा हसत म्हणाली. "दिवा वाढवला म्हणजे घालवला."

काम दहा मिनिटांचं होतं. पण पहिला स्क्रू मोरीत गेला, दुसरा शोधताना चष्मा गेला आणि कुठली तार कुठून निघाली होती हे मी विसरलो. सात वाजत आले. फोडणीचा ठसका लागायला लागला म्हणून मी दार लावून घेतलं, दातांत टॉर्च धरला आणि टॉर्चसकट ओरडलो, "आई, मेन वाढवलेलंच आहे ना?"

"दिवेलागणीला असलं विचारू नये हो!"

त्यातला फक्त 'हो' मी घेतला. चुकलं! लक्ष्मी यायच्या वेळी घरात अंधार नको म्हणून आईंनी केव्हाच मेन चालू करून देवापुढे हात जोडले होते. मी तार धरली. खांद्यापर्यंत सण्णकन काहीतरी गेलं, टॉर्च उडाला आणि मी थेट पाण्याने भरलेल्या बादलीत बसलो. त्याच क्षणी मेन ट्रिप होऊन अख्खं घर काळंठिक्कर पडलं.

"अहो!" मेधा किंचाळली.

"अगंबाई, तिन्हीसांजेला अंधार!" आई किंचाळल्या. जावयाचं काय झालं, हा प्रश्न त्यांच्या लेखी नंतरचा होता!

मी उठायला गेलो तर बादलीही माझ्याबरोबर उठली. तेवढ्यात दारावर टकटक झाली. साहेब अर्धा तास आधी आले होते! हातात निरांजन घेऊन आईंनीच दार उघडलं.

"आला गं बाई वायरमन! आओ भय्या, इधर आओ!"

आणि टाय लावलेल्या, हातात संत्र्यांची पिशवी धरलेल्या ओंगसाहेबांना त्यांनी मनगटाला धरून सरळ बाथरूममध्ये आणून उभं केलं. निरांजनाच्या उजेडात साहेबांनी आधी लोंबणाऱ्या तारा पाहिल्या. मग ओला बनियन पाहिला. मग बादली.

"गुड इव्हनिंग, सर," मी बसल्या जागेवरून म्हणालो.

साहेबांनी पिशवी आईंच्या हातात दिली, मेन बंदच आहे ना असं मेधाला विचारलं, तरी स्वतः जाऊन खात्री केली आणि टाय खांद्यावर टाकून ते स्टुलावर चढले. सात मिनिटांत दिवा लागला! आईंनी खूश होऊन त्यांना "चाय पिओगे?" असं विचारलं. मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

जेवताना मी मान वर केली नाही. नोकरी गेली, हे मी धरूनच चाललो होतो. तिसरी पुरणपोळी संपवून साहेबांनी हात पुसले आणि म्हणाले, "मंडेपासून ऑफिसला ये."

"मला? ऑफिसात?" मला दुसरा झटका बसला. "पण सर, आज जे काही तुम्ही पाहिलंत..."

"ते पाहिलं म्हणूनच," साहेब म्हणाले. "तुला पुन्हा जहाजावर कोण पाठवणार, लाह?"