निळी नवरी

“पान्याले नाही म्हनू नये, पाव्हने,” असं म्हणेपर्यंत त्यानं तुमचा गिलास भरलेलाही असे.

आर्णीत माझं मंडप-बिछायतीचं दुकान आहे आणि पंगतीत पाणी वाढायला वर्षानुवर्षं तोच. साठीला आला तरी बिनलग्नाचा. मागंपुढं कोणी नाही. जिलबीचा आग्रह करणारे तुम्ही खूप पाहिले असतील, पाण्याचा आग्रह करणारा हा एकच. त्याच्या गिलासांनी वऱ्हाडी दोन जिलब्या कमी खात, म्हणून मुलींचे बाप त्याच्यावर फार खूश असत.

दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी नाल्याचा पूर जवळच्या एका गावात शिरला. विहिरीत गाळ, त्यात मेलेल्या कोंबड्या. माणसं शाळेत आणून ठेवली. मी माझे निळे ड्रम दिले, टँकरनं ते भरले, सरकारी दवाखान्याच्या सिस्टरनं त्यात औषध टाकलं. पण त्या वासानं कोणी पाणी तोंडी लावेना. सगळ्यांत हट्टी एक म्हातारी. “हे दवाखान्याचं पानी मी नाही पेत,” म्हणून ती भिंतीकडं तोंड करून बसली. तिचं ऐकून तिची सगळी आळी चोरून विहिरीचंच पाणी आणू लागली. दोन लेकरांना हगवण लागली, तशी सिस्टर रडकुंडीला आली.

ड्रम उतरवायला माझ्यासोबत आलेल्या आमच्या या पाणी वाढणाऱ्यानं म्हातारीकडं नीट पाहिलं. मला म्हणाला, “भाऊ, गाडीतला लोड काढा. ईनबाई रुसली.”

लग्नात रुसलेल्या विहिणीला मनवतात तसं त्यानं तिला लोडाला टेकवलं आणि रिकामा ड्रम बडवत समोर नाचायला लागला. ड्रम फुटेल म्हणून मी ओरडत होतो, पण ऐकतो कोण!

“अरे पन लगन कोनाचं?” म्हातारीनं विचारलं.

“माहं.”

“अन् नवरी?”

त्यानं भरलेल्या ड्रमावर थाप मारली. “हे काय. रंगानं निळी हाय, पन पोटात काही खोट नाही.”

शाळाभर हशा. एका बाईनं खिचडीची हळद आणून ड्रमाला फासली, दुसरीनं गाणं धरलं. म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

“मंग मी कोन?”

“नवऱ्याची माय. तू पेल्याशिवाय पंगत कशी बसन?”

तिनं नाक दाबून गिलास रिकामा केला. “वास मारते लेका सून माही,” म्हणाली आणि गिलास पुन्हा पुढं केला. मग सगळ्या आळीची रांग लागली. लेकरंही बरी झाली.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्याच्यासाठी रडणारं कोणी नाही, असंच मी धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर ऑटो थांबला आणि म्हातारी उतरली.

“माह्या पोराले शेवटी पानी कोनं पाजलं?”

“मी,” मी म्हणालो.

तिनं माझा हात उचलून आपल्या कपाळाला लावला, आणि भर बाजारात आम्ही दोघं रडलो.