प्रमिला मावशी आणि दहा वर्षांचा प्लॅन

आज प्रमिला मावशीच्या पेटीला खांदा द्यायला आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं पुरली नाहीत.

बोरगावातल्या शेजारच्या गल्लीतली पोरं धावत आली, म्हणून ती कब्रस्तानापर्यंत पोचली.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. आमचं चर्च अँग्लिकन परंपरेतलं, जुनं, अगदी छोटं. पाद्रीसाहेबांकडे आणखीही गावं आहेत, त्यामुळे रोजचा कारभार आमची कमिटीच बघते.

मावशी रिटायर्ड नर्स, कमिटीची सेक्रेटरी. याकोबकाका रिटायर्ड हेडमास्तर, अध्यक्ष. आणि कमिटीतला "तरुण" म्हणजे मी. माझे केस केव्हाच पांढरे झालेत.

मागे वरच्या ऑफिसातून सूचना आली, प्रत्येक चर्चने पुढच्या दहा वर्षांचा प्लॅन करावा.

आम्ही भलत्याच उत्साहात. नवीन साउंड सिस्टीम, युवक शिबिर, घंटेसाठी मनोरा.

मावशी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "हे सारं ठीक हाय. पन दहा वर्षांनं त्या बाकावर बसन कोन, ते सांगा."

सगळ्यांची मुलं पुण्यात नाहीतर हैदराबादेत.

मग तिनं वेदीवरचं पांढरं कापड पिशवीतून काढलं आणि टेबलावर झटकलं.

बारीक, पिवळट भुसा.

"दर रविवारी एवढा निंघते. वरच्या तुळईतून."

काका म्हणाले, "छताचं काम पाचव्या वर्षात टाकलंय, प्रमिला."

"वाळवी आपला प्लॅन वाचून नाई राह्यली, याकोब."

सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या प्रत्येक मीटिंगमध्ये तिनं तो विषय काढला. प्रत्येक वेळी तो पुढे ढकलला गेला.

मग पावसाळ्याआधी एका शनिवारी तिनं स्वतःच चर्च बंद करायचं ठरवलं. मला बोलावून बाकं बाजूच्या हॉलमध्ये नेली. "धर ते टोक, पाहून काय राह्यला?" एवढंच बोलली. मग चर्चला कुलूप घातलं.

रविवारी काका दारातच थांबले.

"माझ्या आजोबांनी हे चर्च बांधलं. तू कोण ते बंद करणारी?"

"आजोबानं माणसं बसवाले बांधलं होतं. दाबाले नाई."

काका मागे फिरले. त्यांच्यासोबत दोन घरं गेली. गावात बोलणं सुरू झालं, "बाईनं देवाचं दार लावलं." तिच्याशी बाजारातही कोणी बोलेना. नंतर सगळे एकेक करून परत आले, काकाही. पण ते मागे, दाराजवळ बसत. तिच्याकडे बघत नसत.

श्रावणात आठवडाभर झड लागली होती. हॉलमध्ये रविवारची उपासना चालू होती. मी बायबलमधला पाठ वाचत होतो.

आधी नुसता करकर आवाज आला.

मग डंपरनं गिट्टी ओतावी तसा.

हॉलच्या खिडक्या धुळीनं पांढऱ्या झाल्या. लहान लेकरं रडू लागली.

काका उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा अंगावर छताच्या कवेलूंची लाल धूळ होती. मधली तुळई पुढच्या रांगांच्या रिकाम्या जागेवर पडली होती. जिथे म्हाताऱ्या बसायच्या. जिथे ते स्वतः बसायचे.

ते सरळ मावशीशेजारी येऊन बसले.

वाटलं, आता ती ऐकवणार. तिनं त्यांचा हात धरला आणि मला म्हणाली, "पाठ अधुरा हाय. वाच."

त्यानंतर कमिटीत सगळे तिचं ऐकायला लागले. तिला त्याचा आनंद झालेला मी कधी पाहिला नाही.

एकदा मला म्हणाली, "छत तं दिसत होतं, बापू. आता जे खाली येऊन राह्यलं, ते दिसतच नाई."

तिच्याच सांगण्यावरून आम्ही हॉल रोज उघडू लागलो. दिवसभर घरात एकटे असणारे म्हातारे येतात, कोणत्याही धर्माचे. ती बीपी बघायची, गोळ्या वेळेवर घेतल्या का म्हणून रागवायची. खांदा द्यायला आलेली पोरं त्यांचीच नातवंडं.

पण रविवारची बाकं रिकामी होतच राहिली.

आज माती दिल्यावर काका माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "दिवाळीनंतर पोरगा मले पुण्याले नेऊन राह्यला. कायमचं."

मी खिशातली हॉलची किल्ली चाचपली.

रविवारी हॉलचं दार मी उघडणार आहे. कोण येतं, बघू.

झोप मावशी. खूप दमली होतीस.

पुनरुत्थानाच्या सकाळी भेटू.