थांबाबाईंची टॉफी

शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात गणित आणि विज्ञान कसं शिकवावं हे शिकवणाऱ्या प्राध्यापकबाईंना सगळे थांबाबाई म्हणायचे. तोंडावर नाही अर्थात. पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. वर्गात प्रश्न विचारलात ना, मग आता थांबा, हा त्यांचा मंत्र. मास्तर प्रश्न टाकतात आणि मुलांनी डोकं खाजवायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात, तिथेच सगळा घोळ होतो, असं बाईंचं म्हणणं. या एका गोष्टीवर बाईंनी डॉक्टरेट मिळवली, परिषदा गाजवल्या, जाडजूड पुस्तक लिहिलं आणि शिकाऊ मास्तरांच्या कित्येक तुकड्यांना मागच्या बाकावर स्टॉपवॉच घेऊन बसून घाम फोडला.

आणि बाई स्वतः? बाईंना स्वतःला प्रश्न विचारून थांबणं जन्मात जमलं नव्हतं!

शाळेत नवीन नवीन लागल्या तेव्हा त्यांनी हौसेने स्वतःचा तास टेप केला होता. घरी ऐकला, तर सबंध टेपभर एकच आवाज. प्रश्न बाईंचा, उत्तर बाईंचं आणि "शाब्बास"ही बाईंचंच. त्या दिवशी त्यांना रडू आलं, आणि त्या रडण्यातून संशोधन सुरू झालं. पुढे बाई कॉलेजात गेल्या, व्याख्यानं द्यायला लागल्या. व्याख्यानात बोलायचंच असतं. मुलांसमोर उभं राहायची पाळी पुन्हा आलीच नाही आणि झाकली मूठ तशीच राहिली.

हे गुपित एकट्या नवऱ्याला माहीत होतं. नवरा घड्याळजी. बिघडलेलं स्टॉपवॉच घेऊन बाई त्याच्या दुकानात गेल्या, तीच पहिली भेट. तो डोळ्याला भिंग लावून चाकं जुळवत होता आणि बाई बोलत होत्या. स्टॉपवॉच दुरुस्त झालं तरी बाई दुकानात जातच राहिल्या, आणि एक दिवस काउंटरवर कोपर टेकून म्हणाल्या, "आपण लग्न करू या का? करूच म्हणा, काय हरकत आहे! मी आजच आईला सांगते." आणि सांगायला निघूनही गेल्या. त्याला तीस-एक वर्षं झाली. संसार झकास चालला होता.

तर अशा बाईंच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना त्यांच्या खोलीवर गदा आली. ही खोली म्हणजे बाईंचा जीव. स्प्रिंगा, तराजू, बाटल्या, आरसे, फुटके फुगे, पुठ्ठ्याचे घन; सगळं कॉलेज तिला पसारा म्हणायचं. प्राचार्यांना तिथे गुबगुबीत खुर्च्यांचं सभागृह हवं होतं. कमिटी नेमली गेली. कमिटीचे अध्यक्ष निवृत्त इंजिनियर, झुबकेदार मिशांचे. त्यांनी बाईंचं पुस्तक टेबलावर आपटलं आणि म्हणाले, "लिहिलंय छान. आता एकदा शिकवून दाखवा. सातवीचा वर्ग बोलावू. या खोलीत खरंच काही होत असेल, तर खोली राहील."



"माझं पितळ उघडं पडणार," त्या घरी येऊन म्हणाल्या. "खोली जाणार आणि वर लोक हसणार. काय करू मी? राजीनामा देऊ? देतेच! नाही, नको, आजारी पडते. ताप आणता येतो का रे? येत नसेल."

नवरा उत्तर द्यायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. शेवटी त्याने खिशातून पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी काढून बाईंच्या हातावर ठेवली. "प्रश्न विचारायचा आणि गोळी तोंडात टाकायची," तो म्हणाला. "ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही."

बाईंनी त्याला घट्ट मिठीच मारली. इतका सोपा उपाय, आणि आपण मात्र पुस्तकात तीन प्रकरणं खर्ची घातली!

ठरलेल्या दिवशी बाई लवकर पोहोचल्या आणि धास्तीपायी सगळ्या गोळ्या सकाळीच फस्त करून बसल्या. मुलं रांगेने येत होती. बाई धावत फाटकासमोरच्या दुकानात गेल्या. तिथे गोळ्या नव्हत्या, टॉफी होती. एक घेतली आणि पळत परत आल्या.

पसाऱ्यात टेबलावर काचेची टाकी, टाकीत पाणी, पाण्यावर तरंगणारा स्टीलचा डबा आणि डब्यात लोखंडी वजन. पाण्याची पातळी जिथे होती तिथे बाईंनी काचेवर लाल पट्टी चिकटवली. मागे खुर्च्यांवर कमिटी आणि प्राचार्य.

"हे वजन मी डब्यातून काढणार आणि पाण्यात सोडणार," बाई म्हणाल्या. "डबा तरंगतच राहील. तर पाणी या पट्टीच्या वर जाईल, खाली जाईल, की तिथेच राहील?"

उत्तर जिभेच्या टोकावर आलं. बाईंनी झटकन टॉफी तोंडात टाकली.

टॉफी चांगलीच चिवट निघाली. आधी ती टाळूला चिकटली, मग खालच्या दातांना आणि शेवटी बाईंच्या वरच्या कवळीला. ही कवळी कॉलेजात कुणाला माहीत नव्हती. बाईंनी जबडा जरासा हलवून पाहिला, तर कवळी निघून खाली यायला लागली! बाईंनी ओठ गच्च मिटले. आता बोलायचं ठरवलं असतं तरी सोय नव्हती.

मुलं बाईंकडे बघतायत, बाई मुलांकडे. प्राचार्य खोकले. पंखा कुरकुरला. बाईंच्या कपाळावर घाम, पण चेहरा मात्र गंभीर, प्रसन्न, अगदी पुस्तकात लिहिलाय तसा.

"तिथेच राहील," एक मुलगा हळूच म्हणाला. "वजन तेच आहे ना."

बाईंनी मान डोलावली नाही आणि हलवलीही नाही. हलवायची हिंमतच नव्हती.

"वर जाईल," दुसरा म्हणाला. "दगड टाकला की पाणी चढतं." झालं, वर्गात दोन तट पडले. बाकं वाजायला लागली. आणि अध्यक्षांना राहवेना. ते उभे राहून गरजले, "अरे, वरच जाणार! साधी गोष्ट आहे!"

सगळा वर्ग मागे वळला. दोन वेण्यांच्या एका मुलीने शांतपणे विचारलं, "का?"

अध्यक्षांनी मिशीला पीळ दिला. त्यांनी मदतीसाठी बाईंकडे पाहिलं. बाई मौनात होत्या.

तीच मुलगी पुढे आली. पेन्सिलीचं टोक चावत बराच वेळ टाकीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "खाली जाईल. आत्ता ते वजन डब्याला पण खाली दाबतंय, म्हणून पाणी जास्त सरकलंय. एकटं बुडलं की त्याला त्याच्यापुरतीच जागा लागेल."

बाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. इतकी वर्षं जे लिहिलं ते खरं होतं! त्यांनी वजन उचललं आणि पाण्यात सोडलं. पाणी पट्टीच्या चांगलं खाली उतरलं. एकच गिल्ला झाला. अध्यक्षांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि "मला बघू दे, मला बघू दे" म्हणत पोरांच्या घोळक्यात घुसले. पुन्हा पुन्हा वजन काढलं, टाकलं, मिशा भिजवून घेतल्या. प्राचार्य सभागृहाचा नकाशा घेऊन आले होते. अध्यक्षांनी त्या नकाशानेच टेबलावरचं पाणी टिपलं.

खोली राहिली.

संध्याकाळी बाईंनी घरी दारातूनच सगळं सांगायला सुरुवात केली. नवऱ्याने चहा केला, गाळला, गार झाला, तरी त्या सांगतच होत्या. मग एकदम खुर्चीत बसल्या.

"पण मी कुठे थांबले रे? मला टॉफीने थांबवलं. उद्या टॉफी नसेल तर? मला जमेल का? नाहीच जमणार म्हणा, मी..."

"माझं एक उत्तर राहिलंय," नवरा म्हणाला.

"कुठल्या प्रश्नाचं? आत्ताच्या ना? ते मला..." बाईंनी जीभ चावली. तोंडात काही नव्हतं, गोळी नाही, टॉफी नाही. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. मनात हजार उत्तरं उसळली, ती त्यांनी आतच ठेवली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं.

नवऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्याला सवय नव्हती.

"दुकानात विचारलं होतंस," तो म्हणाला. "काउंटरवर कोपर टेकून."

बाई गप्पच.

"हो," तो म्हणाला. "करू या."