तोडायच्या आधी

"तोडणं सोप्पं आहे बेटा. आधी त्याला विचार तर!" असं म्हणून साई मातीच्या ठोकळ्यावर तळहात ठेवायचे, डॉक्टर पोराच्या पाठीवर ठेवतो तसा. त्यांच्याकडे, सिंधी लोकांत, मोठ्या माणसाला साई म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायचो.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, कापडाच्या दुकानामागे त्यांची लॅब होती, मी तिथे कामाला. रस्त्याखालच्या मातीत सिमेंट मिसळतात, त्याचे गोल ठोकळे आमच्याकडे तपासायला यायचे. बाकीचे लोक सगळे चिरडून ताकद काढत. साई थोडेच तोडून ताळा बसवत, उरलेले अख्खे ठेवत. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना ग्रीस लावायचं, एकीकडून आवाजाची लहर सोडायची. पलीकडे लवकर पोचली, तर माती घट्ट. किती वेगाला किती ताकद, हा ताळा तोडलेल्या ठोकळ्यांवरून. ते ग्रीस त्यांच्या नाश्त्याच्या दालपकवानलाही लागायचं. "खा, ताकद येते!"

मी अंबरनाथची, घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी साईंना एकदाच सांगितलं, त्यांनी दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

वांगणीला तेव्हा स्वस्त घरांच्या इमारती उठत होत्या. तिथल्या रस्त्याचा ठेकेदार आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याचे ठोकळे मोजून साईंनी फोनवर "पास" सांगून टाकलं. फोन ठेवला आणि स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले. हात ओला होता. ठोकळे ओल्या गोणपाटातून थेट मशीनवर आले होते, ताळा मात्र सुक्यांवर बसवलेला. ओल असली की लहर उगाच जोरात पळते.

ठोकळे पंख्याखाली सुकवून सकाळी पुन्हा मोजले. नापास.

"फोन करू?" मी विचारलं.

"पास फोनवर सांगितलं. नापास तोंडावर सांगायचं." मला स्कूटरवर मागे बसवून ते वांगणीला निघाले.

ठेकेदार भडकलाच. "काय साई, काल पास, आज नापास? बालवाडी आहे काय?"

"काल पाणी बोललं, शेठ. आज माती बोलली. चूक माझी."

"डांबराच्या गाड्या निघाल्यात माझ्या! लॅब काय तुमची एकच आहे?"

"नाही ना. पण हा रिपोर्ट माझा आहे."

शिव्या घालत त्याने तो थर उखडून पुन्हा केला. आमच्याकडे मात्र परत एकही ठोकळा पाठवला नाही. वर्षभरात साईंनी लॅब आवरली. मला दुसरीकडे चिकटवून दिलं, तिथेही "पहिली ग्रॅज्युएट" सांगूनच.

साई आता नाहीत. वांगणीचा एक ठोकळा माझ्या टेबलावर आहे, अख्खा, टोकांना ग्रीसचे गोल डाग. कुणी त्याची ताकद विचारली, की मी आधी तळहात ठेवून बघते, कोरडा आहे ना.