हरतालिकेची वाळू आणि साहेबांचे मासे

आमच्या घरात जिवंत मासे पहिल्यांदाच आले, आणि आईने सवयीने आमसुलं भिजत घातली.

"अगं आई, हे खायचे नाहीत! साहेबांचे आहेत!"

"मग काय झालं? साहेब खात नाही वाटतं?"

मी तेव्हा ठाण्याच्या कचेरीत उमेदवार होतो. (उमेदवार म्हणजे काम सगळ्यांचं आणि पगार कुणाचाच नाही!) साहेब पावसाळ्यापुरते पुण्याला निघाले, तेव्हा काचेच्या हौदातले आपले लालपिवळे मासे त्यांनी माझ्या हवाली केले. म्हणाले, "टळाची वाळू बडला. एकडम स्वच्छ! मासा जगला, टर टुमची नोकरी कायम."

खाडीची वाळू घालावी, तर मिठाने मासे मरायचे. (पाठोपाठ मी!) पण दिसायला सगळी वाळू सारखीच, म्हणून मी चाखायला लागलो. बाळकुमची खारट. कळव्याची त्याहून खारट! नौपाडाभर बोभाटा झाला. शेजारच्या गोदाकाकूंनी आईला हळूच विचारलं, "वहिनी, डोहाळे सुनेला लागायचे, ते दामूला कसे लागले?"

शेवटी सासऱ्यांनी टिटवाळ्याहून नदीच्या वाळूचं पोतं पाठवलं. मी ती पिठाच्या चाळणीने चाळली. (आईने माझ्याशी बोलणं टाकलं.) विहिरीच्या पाण्याने धुतली. पाणी गढूळ! पुन्हा धुतली. पुन्हा गढूळ! हाताची सालटी निघाली तेव्हा कुठे पाणी नितळलं. पावसात वाळेना म्हणून तव्यावर भाजली. जेवताना उठून वाळू बघायची, झोपेतून उठून मासे बघायचे, असं माझं चाललं होतं. अखेर वाळू परातीत काढली आणि कचेरीत पळालो, तर तिथे बातमी: साहेब उद्या सकाळीच परत येणार!

धावत घरी आलो. माजघरात बायकांची ही गर्दी, आणि मधोमध पाटावर माझ्या वाळूची महादेवाची पिंड! आज हरतालिका हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

"काय सुरेख वाळू रे दामू!" गोदाकाकू म्हणाल्या. "दरवर्षी नुसते खडे टोचतात. यंदा महादेव कसा ऐसपैस बसलाय बघ!"

"काकू, मला ती वाळू हवीय! आत्ता!"

"देवाला उठवून माशांखाली घालतोस? जिभेला काही हाड?"

हळद, कुंकू, दूध, मध, बेल, पत्री... जे हाताला येईल ते माझ्या वाळूवर पडत होतं. बायकोला तरी काय बोलणार? ती बिचारी पाण्याचा थेंबही न घेता माझ्याच आयुष्यासाठी बसली होती!

सकाळी मी दारात उभा राहून साहेबांची वाट बघत होतो. एवढ्यात आतून आवाज आला. धबाक्!

"अगं, काय केलंस?"

"विसर्जन," बायको हसतमुखाने म्हणाली. "इकडून त्या वाळूसाठी केवढी तगमग चाललेली! म्हटलं, तळ्यावर कशाला न्यायची? पाणी ते पाणीच. देवाचंही झालं आणि माशांचंही!"

हौदात हळददुधाचं कालवण झालं होतं! मासे दिसेचनात. मी कोपरापर्यंत हात घातला. बेलाची पानं निघाली, सुपारी निघाली, मग एकेक मासा निघाला आणि घंगाळातल्या स्वच्छ पाण्यात उताणा पडला. मला रडूच फुटलं. गेली नोकरी! आता जन्मभर सासऱ्यांच्या तांदळावर जगायचं!

इतक्यात एकाने शेपूट हलवलं. दुसरा सुलटा झाला.

"अगं बाई, तीर्थात न्हाले आणि जिवंत झाले!" गोदाकाकू ओरडल्या, आणि रात्रभर जागरणाला थांबलेल्या सगळ्या बायका कुंकवाचे करंडे घेऊन घंगाळाकडे धावल्या. आईने तर चक्क हात जोडले!

नेमके तेव्हाच साहेब दारात.

"हे काय चालटा?"

"साहेब," मी घाम पुसत म्हटलं, "आपल्या माशांना... दीर्घायुष्य चिंतताहेत."

साहेबांनी टोपी काढली. त्यांचे डोळे पाणावले. "माज्या माशांवर एवडा प्रेम कोनी केला नाही. आजपासून टुमी कायम!"

बायकोने आळीभर साखर वाटली. दुसऱ्या दिवशी मी नवी पगडी बांधून ऐटीत कचेरीत शिरलो, तर पट्टेवाल्याने बोट केलं साहेबांच्या बंगल्याकडे. तिथे हौदाशेजारी माझी खुर्ची मांडून ठेवली होती.

त्या खुर्चीवरून मी पुढे पेन्शनीत निघालो. अजून लोक विचारतात, "दामूअण्णा, हाताखाली बरीच मंडळी असतील, नाही?" मी म्हणतो, "पुष्कळ! आणि एकानेही कधी उलट उत्तर दिलं नाही."